बगळा छापाची फळी

दात कोरून पोट भरत नाही असं म्हणतात. डॉक्टरांचं भरलं होतं, आणि चांगलं भरलं होतं. बाजारपेठेत पहिल्या मजल्यावर त्यांचा दोन खोल्यांचा दातांचा दवाखाना होता आणि हाताला यश होतं. फक्त त्यांच्या बाहेरच्या खोलीत भिंतींवर दातांची चित्रं नव्हती. तिथे गळ होते. म्हणजे खरे गळ नव्हेत, गळांच्या जाहिराती. मासेमारीचं सामान विकणाऱ्या जुन्या दुकानांत पूर्वी काउंटरवर आणि खिडकीत ज्या पाट्या, पत्र्याचे मासे आणि पुठ्ठ्याची उभी माणसं मांडलेली असायची, ती सगळी डॉक्टर जमवत. पेशंट गाल धरून बसलेला असायचा आणि समोर पुठ्ठ्याचा एक मिशीवाला हसत सांगत असायचा, 'आमचा गळ एकदा लागला की सुटत नाही.' निम्मे पेशंट तेवढं वाचूनच पळतात, असं डॉक्टरांच्या बायकोचं म्हणणं होतं.

गंमत म्हणजे या माणसाने जन्मात एक मासा धरला नव्हता. त्याला पाण्याची भीती होती. गळाला गांडूळ लावतात एवढं नुसतं ऐकलं तरी तो ताटावरून उठायचा.

"टकल्याने कंगवे जमवावेत तसं आहे तुमचं," बायको म्हणायची. पण म्हणून थांबायची. हौसेला मोल नसतं हे तिलाही माहीत होतं, आणि शेवटी आपलेच दात आणि आपलेच ओठ.

या सगळ्या पसाऱ्यात डॉक्टरांचा जीव एका बगळ्यात अडकलेला होता. 'बगळा छाप गळ' बनवणारी एक कंपनी होती, ती कधीच बुडाली. तिने दुकानदारांना पत्र्याचे बगळे वाटले होते. पाठीत चावी दिली की बगळा मान खाली घालायचा, चोच बुडवायचा आणि पुन्हा वर बघायचा. पण तो चोच बुडवायचा ती जागा रिकामी होती. कारण बगळ्याच्या पायांना पत्र्याच्या दोन जिभा होत्या, त्या मागच्या एका रंगवलेल्या फळीच्या खाचांत बसायच्या, आणि नदी त्या फळीवर होती. असे बगळे आणखी काही जणांकडे होते. फळी मात्र कुणाकडेच नव्हती. चांगलं लाकूड कोण सोडतो? कुणी तिचं फडताळ केलं असेल, कुणी ती बंबात घातली असेल. डॉक्टरांचा बगळा दवाखान्यातल्या कपाटावर उभा राहून वर्षानुवर्षं हवेत चोच मारत होता.

आणि एके दिवशी छत्रीवाल्याचा फोन आला. हा डॉक्टरांचा जुना मित्र. छत्र्यांचं दुकान चालवायचा आणि स्वतः जुनी कुलपं जमवायचा, त्यामुळे त्याला या रोगाची लक्षणं ठाऊक होती.

"दातवाल्या, बसला आहेस ना? बसून ऐक. धरणाच्या खालच्या गावात नदीकाठी एक गळांचं दुकान आहे. मी कुलूप शोधत गेलो होतो. आत भिंतीवर एक फळी आहे, काळी झालेली. तिच्या खाली दोन खाचा आहेत."

डॉक्टरांनी समोर तोंड उघडून बसलेल्या पेशंटला तसंच ठेवलं आणि खिडकीपाशी गेले. "खाचा आडव्या आहेत की उभ्या?"

"उभ्या. आणि ऐक, म्हातारीचं दुकान आहे. तुझी नाटकं जरा बेताने कर."

नाटकं कुठली, ते सांगायला हवं. वस्तू जमवणाऱ्यांची एक रीत असते. जी वस्तू हवी तिच्याकडे बघायचं नाही. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. भलतंच काहीतरी विचारायचं, दोन बुचं, एक रीळ घ्यायचं आणि जाता जाता हव्या त्या वस्तूला नावं ठेवायची. गंजलेलं आहे, वाळवी लागलेली आहे, कशाला ठेवलंय हे? मालक ओशाळतो. मग म्हणायचं, जाऊ दे, मी वाटेत फेकून देतो. कोल्हा द्राक्षं आंबट म्हणतो ती हाताला लागत नाहीत म्हणून. हे लोक आंबट म्हणतात ते मळेवाल्याने स्वतःच ती खाली टाकावीत म्हणून. डॉक्टर यात पारंगत होते. दवाखान्यातला पुठ्ठ्याचा मिशीवाला त्यांनी असाच मिळवला होता आणि ती गोष्ट ते पाहुण्यांना रंगवून सांगत. याची त्यांना कधी लाज वाटली नव्हती. उलट, कुणी हसलं की ते पुन्हा सांगत.

रविवारी बायकोला बरोबर घेऊन ते त्या गावी गेले. बाई बरोबर असली की लोक विश्वास ठेवतात, हाही रीतीचाच भाग.

दुकान चालू होतं, पण चालत नव्हतं. काचेच्या बरण्यांत शिशाचे मणी, खिळ्याला टांगलेल्या दोऱ्याच्या गुंड्या, कोपऱ्यात बांधून उभ्या केलेल्या काठ्या. काउंटरमागे एक काटक म्हातारी बाई बसली होती. चष्म्याची एक दांडी गळाच्या दोऱ्याने बांधलेली. तिच्या पायाशी जमिनीवर एक रांगती पोर एका बुचाशी खेळत होती आणि मधूनमधून खोकत होती.

"या," बाई म्हणाल्या. "बसा. गळ हवेत की नुसतं ऊन टाळायला आलात?"

डॉक्टरांच्या बायकोला त्या तिथल्या तिथे आवडल्या. दोघींच्या गप्पा सुरू झाल्या. ती मावशी, मावशी करू लागली. पोर नातीची होती. नात कामावर जायची आणि पोर दिवसभर दुकानात मावशींच्या पायाशी असायची. खोकला हटत नव्हता. ते ऐकून डॉक्टरांची बायको सहज म्हणाली, "अहो, हे डॉक्टरच आहेत."

"हो का?" मावशींनी हात जोडल्यासारखे केले. डॉक्टरांनी 'दातांचा' हा शब्द गिळला.

फळी त्यांनी आत शिरतानाच पाहिली होती. काउंटरमागे, काठ्यांच्या आड, जुन्या दिव्याच्या आकड्याच्या बरोबर वर. वर्षानुवर्षांच्या काजळीने वरचा भाग काळा पडला होता. खालच्या बाजूला निळं पाणी दिसत होतं आणि पाण्यात दोन उभ्या खाचा. डॉक्टरांनी लगेच नजर दुसरीकडे वळवली. मग त्यांनी बकध्यान लावलं. रीळ बघितलं. बुचं बघितली. काठ्या निवडायच्या निमित्ताने काउंटरमागे गेले, फोनचा दिवा लावला, कोपऱ्यात अंधार आहे म्हणाले आणि भराभर फोटो काढले. खाचांची रुंदी बोटाने मोजली. बगळ्याच्या जिभांची रुंदी त्यांना पाठच होती.

"काय बघताय, डॉक्टर? ती फळी होय?" मावशी म्हणाल्या. "फार काळी झाली. रोज म्हणते, ओल्या फडक्याने घासून घ्यावी." आणि त्या खरोखरच काउंटरवरचं ओलं फडकं हातात घेऊन उठल्या.

ओलं फडकं! जुन्या रंगावर ओलं फडकं म्हणजे काय, हे ज्याने जमवलंय त्यालाच कळेल. एका पुसण्यात नदी वाहून गेली असती. डॉक्टरांच्या तोंडून जे निघालं ते विचार करून निघालं नाही. सवयीने निघालं.

"थांबा! पाणी अजिबात लावू नका. ती काजळी नाही, मावशी. बुरशी आहे. काळी बुरशी. पाणी लागलं की पसरते."

मावशींचा हात थबकला. "बुरशी?"

"रंगातच मुरलेली असते. पुसून जात नाही." पायाशी पोर खोकली. डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं, मग फळीकडे बघितलं, आणि जे करायला नको होतं ते केलं. मान हलवली. "श्वासाला वाईट. लहान मूल असलेल्या घरात ही असूच नये. म्हणत असाल तर मी जाता जाता वाटेत टाकून देतो."

गळ टाकून झाला होता. एरवी इथे मासा लागायचा. पण मावशींनी फळीकडे बराच वेळ बघितलं आणि त्या म्हणाल्या, "छे, छे. माझ्या घरची घाण तुमच्या गाडीत कशाला? तिथून तुम्हाला बाधायची. बघते मी काय करायचं ते. सांगितलंत, फार उपकार झाले."

डॉक्टरांनी जास्त ताणलं नाही. घाई केली की वस्तू महाग होते, हाही रीतीचाच भाग. पुढच्या रविवारी येऊ, तोवर मावशी घाबरून फळी मागच्या अंगणात काढून ठेवतील, आपण उचलू.

गाडी गावाबाहेर पडल्यावर बायको म्हणाली, "काजळी होती ना ती?"

"अगं, या क्षेत्रात असं बोलावं लागतं."

"तुम्ही दवाखान्यात रात्रंदिवस कापसाला थुंकी लावून तीच काजळी काढत बसता. मी बघते ना."

हे खरं होतं. जुन्या रंगावरची काजळी काढायला थुंकीसारखं औषध नाही. कापसाचा बोळा तोंडात ओला करायचा आणि हलक्या हाताने फिरवायचा. खाली रंग जसाच्या तसा निघतो. डॉक्टरांनी त्या फळीसाठी मनातल्या मनात कापूससुद्धा काढून ठेवला होता.

"खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे हे हत्तीचं ऐकलं होतं," बायको म्हणाली, "दातांच्या डॉक्टरचं आज बघितलं."

डॉक्टर हसले. ती हसली नाही.

तो आठवडा डॉक्टरांनी हवेत काढला. दवाखान्यातल्या समोरच्या भिंतीवरून मिशीवाल्याला खाली उतरवलं आणि तिथे जागा केली. बगळ्याला तेल दिलं. पुढच्या रविवारी बायको डोकं दुखतंय म्हणाली आणि आली नाही. ते एकटेच गेले.

मावशी दारातच होत्या. त्यांच्या दोन बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या आणि चेहरा कष्टाचं काम तडीस नेलेल्या माणसासारखा उजळलेला होता.

"आलात? बरं झालं. मी तुमची वाटच बघत होते. या, दाखवते."

काउंटरवर वर्तमानपत्र अंथरलेलं होतं आणि त्यावर फळी ठेवली होती. डॉक्टरांना आधी कळलंच नाही की ही कुठली फळी. पांढरट, स्वच्छ, नुकती रंधा मारल्यासारखी. मग त्यांना खालच्या दोन खाचा दिसल्या.

"पुसून जाणार नाही म्हणालात," मावशी सांगत होत्या, "रंगातच मुरलीय म्हणालात. म्हटलं, मग रंगच काढते. पाणी लावायचं नव्हतं, म्हणून कोरडीच खरवडली. तोंडाला फडकं बांधून मागच्या अंगणात बसायचे. पोरीला तिकडे फिरकू दिलं नाही. फेकून दिली असती तर कुणाची तरी पोरं उचलून घरी घेऊन गेली असती. बघा की, राहिलंय का कुठे काही?"

त्यांनी फळी उचलून उजेडात धरली. डॉक्टरांनी बघितल्यासारखं केलं. कुठेच काही राहिलं नव्हतं. काम अत्यंत चोख होतं. कोपरेसुद्धा सोडले नव्हते.

"नाही," ते म्हणाले. "काही नाही राहिलं."

"चला, सुटले." मावशी स्टुलावर बसल्या. "थोडं जड गेलं, खोटं कशाला सांगू? त्यावर माझी ताई होती ना."

"ताई?"

"मोठी बहीण. कंपनी फळ्या कोऱ्या पाठवायची आणि मागाहून तिचा रंगारी यायचा. ज्या त्या गावची नदी काढून द्यायचा. आमच्या वडिलांना म्हणाला, नदीकाठी एखादं माणूस हवं. वडिलांनी ताईला टोपली देऊन उभं केलं. मलाही करणार होते, पण मी चुळबुळ करायचे. रंगारी वैतागला, म्हणाला, हिला न्या इथून." मावशी हसल्या. "पुढच्या वर्षी ताई तापाने गेली. तेव्हा फोटो कोण काढायचं? तेवढंच होतं तिचं. काजळीत नीट दिसायचीही नाही अलीकडे, पण आहे हे माहीत होतं. खालून सुरुवात केली मी. पाणी काढलं, टोपली काढली, फ्रॉक काढला. तोंड शेवटी काढलं."

डॉक्टरांनी काउंटरवरचं वर्तमानपत्र उगाच सरळ केलं. आत्ता बोल, असं कुणीतरी आतून सांगत होतं, आत्ताच बोल. आणि ते बोलले नाहीत. पोर बुचाशी खेळत होती. खोकत नव्हती.

"बघा, खोकला पण थांबला हिचा," मावशी म्हणाल्या. "गेलेल्या माणसासाठी जित्या पोरीला त्रास होऊ द्यायचा का? ताई असती तर तिनेच हातात खरवडणी दिली असती. तुम्ही सांगितलं म्हणून कळलं, डॉक्टर. तुम्हाला काय देऊ मी? ही फळीच न्या. लाकूड पक्कं आहे. दवाखान्यात मांडणी करा. औषधं ठेवा."

नको म्हणायला तोंड हवं, ते डॉक्टरांकडे नव्हतं. मावशींनी फळी वर्तमानपत्रात गुंडाळली, गळाच्या दोऱ्याने बांधली आणि चिंध्या बांधलेल्या हातांनी गाडीत ठेवली. जाताना पोरीकडून हात हलवून घेतला.

गावाबाहेर रस्त्याच्या कडेला त्यांनी गाडी थांबवली. रडू आलं असतं तर बरं वाटलं असतं, पण तेही आलं नाही. नुसती लाज होती. कानापासून पोटापर्यंत, गरम, आणि तिला कुठे ठेवावं ते कळत नव्हतं. खोटं बोलताना सापडलेल्या माणसाला निदान कुणीतरी शिव्या देतं. यांना आभार आणि भेट मिळाली होती.

घरी बायकोने दोरा सोडला, फळी बघितली आणि खाली बसली. त्यांनी सगळं सांगितलं, काही न लपवता. खोकला थांबल्याचंही सांगितलं.

"काहीच उरलं नाही?" तिने विचारलं. मग एकदम तिचे डोळे चमकले. "अहो, फोटो! तुम्ही फोटो काढले होते ना तिथे? दिवा लावून?"

डॉक्टर उठून उभेच राहिले. फोटो! हे त्यांना सुचलं कसं नाही? ताईचं तोंड फोनमध्ये असेल. मोठं करून, चौकटीत घालून नेऊन देता येईल. त्यांनी घाईघाईने फोन उघडला. दोघं डोक्याला डोकं लावून बघू लागली.

पहिला फोटो डावीकडच्या खाचेचा होता. दुसरा उजवीकडच्या खाचेचा. मग दोन्ही खाचा एकत्र. मग खाचेजवळचा बारीक तडा. मग खालच्या कोपऱ्यातला कंपनीचा शिक्का. बायको बोटाने पुढे पुढे सरकवत होती. एका फोटोत वरच्या कडेला दोन पाय आले होते, घोट्यापर्यंत. पायांत सँडल होते, फ्रॉकची कडही नव्हती.

"एवढे फोटो," बायको हळूच म्हणाली, "आणि एकातसुद्धा तोंड नाही?"

"मी खाचा बघत होतो," डॉक्टर म्हणाले. त्यांचं त्यांनाच ते ऐकवलं नाही.

सवयीने की आणखी कशाने कोण जाणे, दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी त्यांनी बगळा फळीत बसवून बघितला. जिभा टक्कन खाचांत गेल्या. केसाचा फरक नाही. चावी दिली. बगळ्याने मान खाली घातली आणि खरवडलेल्या लाकडावर चोच टेकवली. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते बरोब्बर जमलं होतं. डॉक्टरांनी बगळ्याची मान हाताने धरून ठेवली. चावी संपेपर्यंत ती त्यांच्या मुठीत धडपडत होती.

त्या आठवड्यात त्यांनी एका पेशंटची चुकीची दाढ ठोकून बघितली. छत्रीवाल्याचे फोन येत होते, ते घेतले नाहीत. सांगून काय होणार, असं त्यांनी बायकोला तीन-चारदा समजावलं. म्हातारी समाधानात आहे. पोरीला वाचवलं असं तिला वाटतंय. काजळी होती असं सांगितलं तर आपलं मन हलकं होईल आणि तिचं जड. हा मुद्दा खोटा नव्हता आणि म्हणूनच तो त्यांना फार सोयीचा वाटत होता.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ती तुम्हाला डॉक्टर समजते. उद्या पोर पुन्हा खोकली की ती भिंती खरवडायला घेईल."



रविवारी ते गेले. बगळा आणि फळी दोन्ही घेऊन. ती जोडून त्यांनी काउंटरवर ठेवली आणि मावशींनी काही विचारायच्या आत बोलून टाकलं. उभ्यानेच. बोलताना त्यांची नजर मावशींच्या बोटांवरच्या चिंध्यांवर होती, कारण चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

"मावशी, ती बुरशी नव्हती. काजळी होती. दिव्याची. मला तेव्हाच माहीत होतं. मला फळी हवी होती, या बगळ्यासाठी. तुम्ही घाबरून द्याल म्हणून मी खोटं बोललो. आणि मी दातांचा डॉक्टर आहे. खोकल्यातलं मला काही कळत नाही. पोरीला खऱ्या डॉक्टरला दाखवा."

बाहेर कुणीतरी सायकल लावली, आत डोकावलं आणि या दोघांना बघून परत गेलं.

"मागितली का नाही?" शेवटी त्यांनी विचारलं.

"मागितली असती तर दिली असती?"

"नसती दिली," मावशी म्हणाल्या. "पण यायचं तेव्हा या आणि बघा, असं म्हटलं असतं."

डॉक्टरांनी मान खाली घातली.

"आणि काजळी होती तर ती गेली असती? पुसून?"

"हो."

"कशाने?"

हे सांगायची पाळी येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. "कापसाने. थुंकी लावून."

मावशींच्या तोंडावर काहीतरी हललं. "थुंकीने," त्या म्हणाल्या. "ताई माझं तोंड तसंच पुसायची. रुमालाच्या टोकाला थुंकी लावून. मला किळस यायची, मी ओरडायचे." त्यांनी फळीवरून हात फिरवला, वरच्या बाजूला, जिथे तोंड असावं तिथे. "खरवडताना पण मला नीट दिसली नाही हो ती. काळ्यातच होती सगळी. काळ्यातच काढली." मग त्यांनी वर बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर डॉक्टरांना सोसलं असतं. "तुम्ही दिवा लावून बघत होतात ना? बराच वेळ बघत होतात. कशी दिसत होती? डोळे कसे होते तिचे?"

एक खोटं अगदी जिभेवर आलं. मोठे होते म्हणावं. हसरे होते म्हणावं. म्हातारीला बरं वाटेल, आणि ते खोटं आहे हे जगात कुणालाही कळणार नाही. डॉक्टरांना ते सहज जमलं असतं.

"मी बघितलं नाही, मावशी," ते म्हणाले. "मी फक्त या खाचा बघत होतो. तुमच्या ताई तिथे आहेत, हेच मी बघितलं नाही."

त्यांनी फोन काढला आणि तो एक फोटो समोर धरला. "एवढंच आलंय."

मावशींनी दोऱ्याने बांधलेला चष्मा नीट केला. फोन दोन्ही हातांत घेतला. निळं पाणी, दोन खाचा आणि वरच्या कडेला दोन पाय.

"सँडलचा बंद सुटलाय बघा," त्या म्हणाल्या. "हीच. हिचा बंद कायम सुटलेला असायचा. आई ओरडायची."

मग त्यांनी फोटोवर बोट ठेवलं आणि हळूच खाली ओढलं, वरचं दिसावं म्हणून. फोटो थोडासा सरकला आणि परत जागेवर आला. त्यांना वाटलं, आपल्यालाच जमलं नाही. त्यांनी बोट पदराला पुसलं आणि पुन्हा ओढलं.

"वर जात नाही का हा?" त्यांनी विचारलं.

"नाही, मावशी," डॉक्टर म्हणाले. "वर काही नाही."

मावशींनी मान हलवली आणि तरीही आणखी एकदा ओढून बघितलं.